पाच कम्प्युटर, एकच ओळ आणि साडेबावीस हजार रुपये



गेल्या जानेवारीत आमच्या शाळेचे साडेबावीस हजार रुपये जवळजवळ गेलेच होते. ते वाचले. पण वाचले ते आमच्या हुशारीने वाचले असं म्हणवत नाही, कारण पहिले चार दिवस आम्ही सगळे मोठे नुसते घाबरून बसलो होतो. पडद्यावर काय लिहिलंय ते पहिल्यांदा वाचलं सहावीच्या एका मुलीने. म्हणून हा लेख लिहितेय.

काय झालं होतं?

मुळशी तालुक्यातली आमची सातवीपर्यंतची जिल्हा परिषदेची शाळा. संगणक कक्षात पाच जुने डेस्कटॉप आहेत, एका कंपनीने वापरून झाल्यावर दिलेले. त्यावर विंडोज १० होती. तिचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ या यंत्रांवर चालत नाही, कारण तिला नवा प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते. मग दिवाळीच्या सुट्टीत माझ्या एका माजी विद्यार्थ्याने पाचही यंत्रांवर लिनक्स टाकून दिली. तो चौथीत माझ्या हाताखाली होता, आता डिप्लोमा करतोय. दोन महिने सगळं छान चाललं.

जानेवारीत एका शनिवारी तो पुन्हा आला आणि त्याने मोबाईलच्या नेटवरून पाचही यंत्रं अपडेट केली. त्यात कर्नलही नवा आला. सोमवारी आम्ही यंत्रं सुरू केली तर नेहमीचं चित्र येण्याऐवजी काळ्या पडद्यावर पांढऱ्या इंग्रजी ओळी धावायला लागल्या. त्यातल्या एका ओळीत ‘वॉर्निंग’ आणि ‘कॉन्फ्लिक्ट’ असे दोन्ही शब्द होते. पुढे यंत्रं सुरू झाली, पण ज्या यंत्रावर वाय-फाय होतं त्याचं नेट बंद पडलं होतं.

पोरगा परीक्षेत अडकलेला, फोन उचलेना. आम्ही बाजारपेठेतल्या एका दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने एक यंत्र सुरू केलं, ती ओळ बघितली, नेट बंद आहे हे बघितलं आणि पाच मिनिटांत निकाल दिला. “मॅडम, हार्डवेअर कॉन्फ्लिक्ट आहे. मदरबोर्ड गेलेत. एकाचे साडेचार हजार धरा.” पाचांचे झाले साडेबावीस हजार. शाळा व्यवस्थापन समितीकडे जत्रेच्या वर्गणीतून आलेले पंचवीस हजार होते, पण ते पोरांच्या पिण्याच्या पाण्याच्या फिल्टरसाठी ठेवलेले. अध्यक्ष दादा म्हणाले, “बाई, पोरांचे कम्प्युटर बंद पडू द्यायचे नाहीत. फिल्टर पुढच्या वर्षी बघू.” मी मान डोलावली. हे लिहितानाही लाज वाटते, पण डोलावली.

त्याच दिवशी मधल्या सुट्टीत सहावीतली एक मुलगी म्हणाली, “बाई, पाचही कम्प्युटरवर तीच ओळ आहे. आकडे पण तेच. पाच बोर्ड एकाच दिवशी कसे जातील?”

ती ओळ नक्की काय म्हणत होती?

त्या संध्याकाळी त्या पोराचा फोन लागला. तो आधी हसला, मग ओरडला आणि मग तासभर नीट समजावून सांगत बसला. त्याच्याकडून समजलेलं आणि नंतर वाचून पडताळलेलं असं इथे सांगते.

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा सगळ्यात आतला भाग. कीबोर्ड, पडदा, आवाज, नेट यांच्याशी थेट व्यवहार तोच करतो. बाकी सगळे प्रोग्राम त्याच्याकडे मागणी करतात. प्रत्येक उपकरणाला कामासाठी काही ‘जागा’ लागतात. हाक मारण्यासाठी इंटरप्टचा क्रमांक, बोलण्यासाठी पोर्टचे पत्ते, शिवाय मेमरीतला एखादा तुकडा. या जागांचा ताबा कोणाकडे आहे याची नोंद कर्नल ठेवतो. आपल्या मुळशीच्या भाषेत सांगायचं तर तो तलाठी आहे आणि त्याच्या दप्तरात प्रत्येक पत्त्याचा सातबारा आहे.

आता दोघांनी एकाच तुकड्यावर हक्क सांगितला, की ‘रिसोर्स कॉन्फ्लिक्ट’. आमच्या ओळीत दोन दावेदार होते. एक जुना कब्जेदार, म्हणजे मदरबोर्डवरचं बायोस. यंत्र तयार झालं तेव्हाच बायोसने एसीपीआय नावाच्या तक्त्यात लिहून ठेवलेलं असतं की अमुक पत्ते माझ्या वापरात आहेत. (एसीपीआय हा नियमसंच इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी १९९६ मध्ये काढला.) दुसरा दावेदार कर्नलमधला एक ड्रायव्हर. मदरबोर्डवर रॅमच्या पट्ट्यांची माहिती, तापमान वगैरे ने-आण करणारी एसएमबस नावाची छोटी वाट असते. ती वाट त्या ड्रायव्हरला हवी होती.

कर्नलने काय केलं? जुन्याचा ताबा मान्य केला, नव्याला जागा नाकारली आणि दप्तरात हरकत नोंदवली. पडद्यावर दिसली ती ही नोंद. काही जळलं नाही, काही तुटलं नाही. भांडण होण्याआधीच तलाठ्याने थांबवलं होतं. लिनक्समध्ये ही कडक पद्धत २.६.३१ या आवृत्तीपासून, म्हणजे २००९ पासून, मुळातच चालू असते. त्याआधी कर्नल नुसती सूचना द्यायचा आणि दोघांनाही आत सोडायचा.

दोघांना आत सोडलं तर काय बिघडतं? वर्गातलं उदाहरण घ्या. एकच पुस्तक दोन मुलं वाचतायत. पहिल्याने पान ४० उघडलं. तो वाचायला लागणार तेवढ्यात दुसऱ्याने पान ७० उघडलं. पहिला पान ४० समजून पान ७० वाचतो. दोघांचीही चूक नाही, पण वाचलेलं चुकीचं. तापमान मोजणाऱ्या काही चिपांमध्ये असंच आधी ‘पान’ सांगावं लागतं आणि मग वाचावं लागतं. मध्ये दुसरा घुसला तर तापमान भलतंच दिसतं, आणि त्या भलत्या आकड्यावर विसंबून यंत्र अचानक बंदही पडू शकतं. म्हणून ती हरकत आपल्या भल्याचीच असते.

दुसऱ्या दिवशी मुलांबरोबर त्या ओळीतले आकडे फळ्यावर घेतले. ड्रायव्हरला हवे होते एफ०४० ते एफ०५एफ. बायोसच्या ताब्यात होते एफ०४० ते एफ०४एफ. “बाई, आकड्यात एफ कसा?” हा पहिला प्रश्न. मग सोळाच्या पटीतली संख्या शिकवली. शून्य ते नऊ, पुढे दहासाठी ए, असं करत पंधरासाठी एफ. आपली स्थानं एकक, दशक, शतक, हजार. तिथली स्थानं एक, सोळा, दोनशे छप्पन्न, चार हजार शहाण्णव. मुलांनी हिशोब केला, एफ०४० म्हणजे ६१,५०४. आणि असं निघालं की ड्रायव्हर ३२ पत्ते मागतोय आणि त्यातले पहिले १६ आधीच दुसऱ्याकडे आहेत. एक पोरगा म्हणाला, “म्हणजे बत्तीस गुंठ्यांतले सोळा गुंठे दुसऱ्याच्या नावावर.” मला स्थानिक किंमत शिकवायला यापेक्षा चांगला तास मिळाला नव्हता.

मग नेट का गेलं?

खरा धडा इथे आहे. पडद्यावर मोठ्याने ओरडणारी ओळ एका गोष्टीबद्दल होती आणि बंद पडली होती दुसरीच गोष्ट. आम्ही, आणि त्या दुरुस्तीवाल्यानेही, दोन्हींची गाठ मारून टाकली.

यंत्र सुरू होताना जुना कर्नल निवडता येतो. लिनक्स नवा कर्नल टाकताना जुना लगेच पुसत नाही, सुरुवातीच्या यादीत ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ खाली तो सापडतो. आम्ही जुना निवडला. दोन गोष्टी दिसल्या. तीच वॉर्निंगची ओळ जुन्या कर्नलमध्येही आली, अक्षर न अक्षर तीच. आणि वाय-फाय सुरू झालं!

म्हणजे ती ओळ दिवाळीपासून रोज येत होती. तेव्हा ती सुरुवातीच्या चित्रामागे झाकलेली होती. शनिवारी अपडेट नीट होतोय का ते दिसावं म्हणून त्या पोराने ते चित्र बंद केलं होतं आणि परत लावायला विसरला होता. आणि वाय-फायचं म्हणाल, तर त्या यूएसबी डोंगलचा ड्रायव्हर कर्नलबरोबर येणारा नव्हता. तो दिवाळीत वेगळा बसवलेला होता, फक्त त्या वेळच्या कर्नलपुरता. नव्या कर्नलसाठी तो पुन्हा तयार करायला हवा होता. पुढच्या रविवारी त्याने येऊन वीस मिनिटांत तो केला. खर्च, एक चहा आणि दोन वडापाव.

तपासायचं कसं?

ज्या शाळांत किंवा घरांत असं होईल त्यांच्यासाठी आम्ही मुलांबरोबर केलेली ही यादी. (कमांडची नावं उच्चाराप्रमाणे लिहिलीत, टाइप करताना इंग्रजीत करा.)

१. आधी बघा, नक्की काय बंद आहे? पडदा, आवाज, कीबोर्ड, यूएसबी, नेट, प्रिंटर, एकेक तपासून वहीत बरोबर किंवा चूक करा. सगळं चालत असेल तर घाई कसलीच नाही.

२. ओळ जशीच्या तशी उतरवा किंवा मोबाईलवर फोटो काढा. ओळ पळून गेली तर टर्मिनलमध्ये ‘सुडो डीमेसेज’ दिल्यावर पुन्हा दिसते. आदल्या वेळी यंत्र सुरू केलं तेव्हाच्या नोंदी ‘जर्नलसीटीएल’ या कमांडने काढता येतात.

३. ओळीत दोन नावं आणि पत्ते शोधा. कोण मागतंय, कोणाच्या ताब्यात आहे? पत्त्यांचे सातबारे ‘प्रॉक’ या फोल्डरमध्ये ‘आयओपोर्ट्स’, ‘आयओमेम’ आणि ‘इंटरप्ट्स’ अशा तीन फायलींत असतात. पहिल्या दोन उघडताना ‘सुडो’ लावा, नाहीतर सगळीकडे शून्यंच दिसतील.

४. जुन्या कर्नलवर सुरू करून बघा. तीच ओळ तिथेही असेल तर ती अपग्रेडने आलेली नाही. जुन्यावर चालणारी गोष्ट नव्यावर बंद असेल तर दोष कर्नल किंवा ड्रायव्हरच्या बाजूला आहे, बोर्ड फेकायची गरज नाही.

५. एकापेक्षा जास्त यंत्रं असतील तर तुलना करा. सगळीकडे एकच ओळ असेल तर सगळी एकदम बिघडली असण्यापेक्षा सगळ्यांचा स्वभाव तसा असण्याची शक्यता जास्त.

६. खरंच ताब्याच्या भांडणामुळे काही बंद असेल तर बायोसचा नवा अपडेट आहे का बघा. न वापरलेले जुने सिरियल, पॅरलल पोर्ट बायोसमधून बंद करता येतात, त्याने जागा मोकळी होते. तोवर जुन्या कर्नलवर काम चालवा.

७. नेटवर एक उपाय वाचायला मिळेल, ‘एसीपीआय एन्फोर्स रिसोर्सेस’ हे ‘लॅक्स’ करा. ड्रायव्हरला जागा मिळते, हे खरं. पण तलाठ्याला नुसती हरकत नोंदव आणि दोघांनाही आत सोड म्हणून सांगण्यासारखं आहे ते. का करतोय हे माहीत नसेल तर करू नका.

विंडोजवाल्यांनाही हे लागू आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह आणि ‘कोड १२’ दिसला तर त्या उपकरणाला मोकळी जागा मिळत नाहीये असा त्याचा अर्थ. तिथेही ओळ वाचली की निम्मं काम होतं. आपल्यातल्या ज्येष्ठांना आठवत असेल, विंडोज ९५ च्या आधी साऊंड कार्डवरच्या बारीक टोप्या हाताने हलवून इंटरप्ट क्रमांक ठरवावा लागे. तेव्हा भांडणं रोजची होती. आता बहुतेक वाटप यंत्र आपोआप करतं, म्हणून एखादी हरकत दिसली की आपण दचकतो.

हे शिक्षकाचं काम आहे का?

हा प्रश्न मला आमच्या केंद्रातल्या एका सरांनी विचारला, आणि तो रास्त आहे. यू-डायस भरा, शालार्थ भरा, पोषण आहाराची नोंद करा, सर्वेक्षण करा. त्यात आता कम्प्युटरही आपणच दुरुस्त करायचे? नाही, दुरुस्त करणं आपलं काम नाही, आणि सरकारने ते फुकटात आपल्या गळ्यात टाकू नये असंच माझंही मत आहे. तालुक्याला निदान एक प्रशिक्षित माणूस शाळांच्या यंत्रांसाठी हवाच.

पण समोर लिहिलेलं वाचणं हे आपलंच काम आहे. आपण रोज मुलांना वाचायला शिकवतो ना?

केरळमध्ये सरकारी शाळांतलं संगणक शिक्षण बरीच वर्षं मुक्त सॉफ्टवेअरवर चालतं. तिथल्या ‘काइट’ या सरकारी संस्थेने २०१८ मध्ये हायस्कुलांत ‘लिटल काइट्स’ नावाचे मुलांचे गट सुरू केले. त्यात मुलं इतर गोष्टींबरोबर हार्डवेअरची देखभालही शिकतात. आपल्याकडे काय कमी आहे? पुण्यातल्या सी-डॅकचं नाव आपण अभिमानाने घेतो, याच संस्थेने ‘बॉस’ नावाची लिनक्स काढली. हिंजवडीचं आयटी पार्क तर आपल्याच मुळशी तालुक्यात आहे. आमच्या गावातले कितीतरी बाप तिथे ड्रायव्हर आणि सिक्युरिटीला आहेत. त्या काचेच्या इमारतींपासून तासाभराच्या अंतरावर एक पांढरी ओळ बघून अख्खी समिती पाण्याचा फिल्टर सोडून द्यायला तयार होते, हे मला सहन होत नाही.

आपण मुळशीकर तर हक्कांचं भांडण काय असतं ते पिढ्यानपिढ्या ओळखतो. धरणात जमिनी जाणार म्हणून १९२१ मध्ये सेनापती बापटांनी इथे सत्याग्रह केला. ज्यांची गावं बुडाली त्यांच्या हरकती दप्तरात होत्या, पण कोणी मनावर घेतल्या नाहीत. हरकत वाचणारा माणूस किती मोलाचा असतो, हे वेगळं सांगायला नको.

वह्यांमधली वॉर्निंग

शेवटची गोष्ट वर्गातली, आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते.

तिसरीतल्या मुलाने ५२ वजा २७ बरोबर ३५ लिहिलं. आपण काय करतो? लाल फुली. “लक्ष कुठंय तुझं?” पण ते ३५ जरा वाचा. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. मुलाने निष्काळजीपणा केलेला नाही. पहिलीत आपणच त्याला सांगितलं होतं, मोठ्यातून लहान वजा करायचं. तो नियम त्याच्या डोक्यात जुना कब्जेदार आहे. आता आपण हातच्याचा नवा नियम घातला आणि दोन्ही नियमांनी एककाच्या घरावर हक्क सांगितला. मुलाने जुन्यालाच जागा दिली. त्याचं ३५ हे उत्तर म्हणजे हरकतीची नोंद आहे. कुठे अडलं, कोणात अडलं, सगळं त्यात लिहिलंय. फुली मारली की ती नोंद आपण पुसून टाकतो. आणि “याचं गणितच कच्चं” म्हटलं, की आपणही मदरबोर्ड गेला असंच म्हणतो.

पालकांनाही हेच सांगायचंय. शेरा आला, मार्क कमी पडले की लगेच क्लास लावायची, शाळा बदलायची घाई नको. आधी पेपर घेऊन बसा. काय चालतंय, काय अडतंय, तीच चूक पाचही पेपरांत आहे का, गेल्या वर्षीही होती का? हे चार प्रश्न फुकट आहेत.

आमच्या शाळेत आता संगणक कक्षात एक शंभर पानी वही टांगलेली आहे. मुलांनी तिला ‘हरकत वही’ असं नाव दिलंय. काही वेगळं दिसलं की तारीख, यंत्राचा क्रमांक, ओळ जशीच्या तशी आणि त्या वेळी काय चालत होतं, काय बंद होतं, एवढं लिहायचं. घाबरायचं नाही, बटणं बडवायची नाहीत, लिहायचं. आतापर्यंत अकरा नोंदी झाल्यात. त्यातल्या सात नुसत्या सैल वायरच्या निघाल्या, तीन आपोआप गेल्या. एक अजून सुटलेली नाही, दोन नंबरच्या यंत्राचा आवाज मधूनच जातो. ती मुलं सोडवतायत, मी फक्त वही तपासते.

आणि हो, फिल्टर बसला. चौदा हजारांत. उरलेल्या पैशांचं काय करायचं यावर समितीत सध्या वाद चालू आहे, पण तो वाद ठीक आहे. त्यात दोन्ही बाजू काय म्हणतायत ते निदान सगळ्यांना माहीत आहे.

तुमच्या शाळेत कपाटात बंद करून ठेवलेला, ‘खराब’ म्हणून कागद चिकटवलेला एखादा कम्प्युटर असेलच. येत्या शनिवारी तो मुलांसमोर सुरू करा आणि पडद्यावरची पहिली ओळ मोठ्याने वाचायला सांगा. काय निघालं ते जरूर कळवा.